धाकटीची शाळा

"सही मिळणार नाही," थोरली म्हणाली आणि मुख्याध्यापिकेनं पुढे केलेला कागद तिनं एका बोटानं परत सरकवला.

"आजी, निदान वाचून तरी बघा."

"चष्मा घरी राहिला. आणि वाचायचंय काय त्यात? शाळेला आमच्या घराण्याचं नाव आहे, तेवढं पुष्कळ झालं. त्याच्या आधी धाकटीचं नाव कशाला चिकटवायचं?"

मुख्याध्यापिका नुकतीच बदलून आली होती. शाळेच्या नावात एक अक्षर वाढवायचं तरी जमीन देणाऱ्या घरातल्या सर्वांत वडील माणसाची संमती लागे. वडील म्हणून आता थोरलीच उरली होती. धाकटी जाऊ गेल्या थंडीत गेली. पण गेली तरी तिचं कौतुक काही सरत नव्हतं.

थोरलीनं खिडकीबाहेर पाहिलं. आता घसरगुंडी होती तिथे पूर्वी तिचे भाजीचे वाफे होते. विहिरीजवळची ती काळीभोर जमीन तिनं चौदा वर्षं कसली होती. खडे वेचून वेचून नखं झिजली होती. आणि धाकटीला या घरात येऊन पुरती दोन वर्षंही झाली नव्हती, तेव्हा तिनं सासऱ्यांपुढे उभं राहून शाळेसाठी नेमका तोच तुकडा मागितला. पोटच्या मुलांना दाद न देणारे सासरे एका शब्दात हो म्हणाले.

"टेकडीखालची जमीन द्या म्हणायचं की," थोरली तेव्हा फणकारली होती. "माझ्याच वाफ्यांवर तुझा डोळा का?"

"ती लांब पडते, ताई. ही कशी, घरापासून हाकेच्या अंतरावर."

म्हणजे राणीसाहेबांचे पाय दुखायला नकोत!

शाळा सुरू झाली आणि थोरलीच्या डोळ्यांत रोज कुसळ जाऊ लागलं. धाकटी सकाळी कडक इस्त्रीचे कपडे घालून, केस चापूनचोपून बसवून गोठ्याच्या दारात उभी राहायची.

"ताई, येता का आज?"

कोपरापर्यंत शेणात हात असलेल्या बाईला विचारायचं, येता का! तेही गड्यामाणसांच्या देखत.

"तू हो पुढे. या गाई काय तुझा बाप पिळणार आहे?"

गडी खी खी हसायचे. धाकटी मात्र कधी रागावली नाही की विचारायची थांबली नाही. वर्षानुवर्षं रोज सकाळी तोच प्रश्न. एवढा चिवट टोमणा थोरलीनं जन्मात दुसरा ऐकला नव्हता.

जमीन गेली, तेही तिनं एक वेळ सोसलं असतं. पण तिचा मोठा मुलगा परगावी शिकायला गेला, आणि त्याची पत्रं यायची ती काकूच्या नावानं. नऊ महिने पोटात वाढवलं कुणी आणि पाकिटावर नाव कुणाचं! धाकटी संध्याकाळी पायरीवर बसून ती पत्रं मोठ्यानं वाचायची, साऱ्या घराला ऐकू जाईल अशी. थोरली पाठमोरी बसून शेंगा सोलायची आणि एकही शब्द निसटू द्यायची नाही.

"त्यांनी सगळं आयुष्य इथे घातलं, आजी," मुख्याध्यापिका म्हणाली.

"आणि मी काय झोपा काढल्या?" थोरलीचा आवाज चढला. "तिला वेळेवर ताट कोण वाढत होतं? ती इथे बाई झाली, कारण तिथे मी मोलकरीण झाले. तरी जो तो म्हणतो, धाकटीची शाळा. बोलण्यात म्हणतात ते म्हणोत. पाटीवर नाही चढू देणार मी. मरायच्या आधी एकदा तरी तिच्यापुढे माझा शब्द राहू दे."

मुख्याध्यापिकेनं कागदाची घडी घातली. "बरं. तुमची इच्छा नसेल तर विषय संपला."

इतक्या सहज? थोरलीला बरं वाटलं. जितकं वाटायला हवं होतं तितकं वाटलं नाही, पण वाटलं. ती टेबलाला धरून उठली.

"जाता जाता एक विचारू? कपाट आवरताना बाईंचे जुने हजेरीपट सापडले. त्यातल्या एका मुलीचा काही उलगडा होत नाही. पत्ता तुमच्या घराचा दिलाय."

"आमच्या घरात कुठली मुलगी? मला तिघे मुलगेच. तिला तर मूलच नाही."

"तेच तर कोडं आहे. शाळेच्या पहिल्या वर्षी, पहिलीच्या पटावर पहिलंच नाव. वर्षभर एक दिवस आली नाही. पुढल्या वर्षी बाईंनी पुन्हा पहिलीतच नाव लिहिलं, पुन्हा गैरहजर. असं सत्तावीस वर्षं, निवृत्त होईपर्यंत. तपासनिसांनी यावरून त्यांना लेखी ताकीद दिली होती, पगारवाढ रोखली होती. तरी नाव कमी केलं नाही. दर वर्षी शेवटच्या रकान्यात एकच शेरा: 'येईल.'"

"नाव काय म्हणालीस?"

मुख्याध्यापिकेनं वाचून दाखवलं.

थोरली उभीच राहिली. मग सावकाश परत खुर्चीत बसली आणि तिनं तो पट दोन्ही हातांनी आपल्याकडे ओढून घेतला.

"जरा बोट ठेवून दाखव, पोरी," ती म्हणाली. "माझं नाव लिहिलेलं कसं दिसतं, ते मला ठाऊक नाही."