डाव्या हाताची जागा

"शुक्रवारच्या उपासाला मटणाचा रस्सा चाखला, विहिणीला नावं ठेवली. एवढंच, फादर," रेमेतबायनं पापनिवेदनाच्या जाळीतून सांगितलं. जावेचं तिनं याही खेपेला काढलं नाही. त्यात हिचं पाप कसलं? जिभेला हाड नव्हतं ते धाकट्या जावेच्या, कोंसेसच्या. हिच्या लेकीच्या लग्नातलं मटण खारट झालं, असं ती चारचौघांत बोलली होती. तेव्हापासून अबोला.

चर्चमध्ये मात्र दोघी एकाच बाकावर, कोंसेस डाव्या हाताला. 'एकमेकांना शांती द्या,' असं फादर म्हणाले की सगळे शेजाऱ्याकडे वळून हात जोडत. रेमेतबाय उजवीकडे वळायची, मागं वळायची, डावीकडे कधीच नाही. दुसऱ्या दिवशी, रविवारच्या मिस्सेच्या प्रार्थनेत कोंसेस खोकत खोकत म्हणाली, "जाऊबाई, देवासमोर तरी माझ्याकडे बघा."

"देव बघतोय ना तुझ्याकडे? तेवढं पुरे."

त्याच आठवड्यात कोंसेस गेली.

पुढच्या रविवारी डाव्या हाताची जागा कुणीच घेतली नाही. फादरांनी शांती द्यायला सांगितलं आणि रेमेतबाय त्या रिकाम्या जागेकडे वळली. हात जोडून, मान खाली घालून. सगळ्यांचं देऊन झालं, कम्युनियनचा प्रसाद घ्यायला रांग लागली, तरी ती तशीच.

"आई, चला ना," सुनेनं हळूच तिचा खांदा हलवला.

"तू हो पुढं," ती म्हणाली. "माझं इथलं अजून झालं नाही."