कासवे पलीकडच्या बाजूला

"हात घट्ट धरा, वहिनी. पाणी काही गिळत नाही तुम्हाला," पाणबुड्या म्हणाला, आणि चष्मेवाल्याच्या बायकोने खरोखरच त्याचा हात घट्ट धरला.

चष्मेवाला होडीच्या काठावर बसून हे दृश्य पाहत होता. त्याच्या अंतःकरणावर जणू कोणी मीठ चोळले.

वस्तुतः या बेटावर येण्याची त्याची मुळीच इच्छा नव्हती. समुद्र कुठूनही चाखला तरी खारटच, असे त्याने परोपरीने सांगून पाहिले होते. परंतु त्याची बायको शाळेत चित्रकला शिकवीत असे, आणि प्रवाळाचे रंग एकदा तरी स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे असा तिने हट्टच धरला. परवा तिने परस्पर दोन जागा ठरवून टाकल्या. चष्मेवाल्याचे तिच्यावाचून पान हलत नसे. नाइलाजाने त्याने दुकानाला कुलूप लावले आणि पाण्यात घालायचा, आपल्या नंबरच्या काचा बसविलेला मास्क पिशवीत टाकला.

"हा कधी बनवलात?" बायकोने विचारले होते.

"दुकान कुणाचं आहे?" तो म्हणाला, तेव्हा ती हसली होती.

सकाळी धक्क्यावर पाणबुड्याने दोघांनाही आपादमस्तक न्याहाळले.

"पहिल्यांदाच का, साहेब?"

"हो," चष्मेवाला झटकन म्हणाला.

"बरं," पाणबुड्या म्हणाला, आणि मग जे काही हसला ते चष्मेवाल्याच्या बायकोकडे पाहून हसला. तिथेच माशी शिंकली.

आता तो तिला मास्क कसा लावायचा ते शिकवीत होता.

"आत थुंका, वहिनी. म्हणजे काचेवर वाफ धरत नाही."

"शी! सगळ्यांसमोर?"

"लाजताय काय? घरी नवऱ्याच्या नावानं थुंकत असालच की कधीतरी!"

ती इतकी मोकळेपणाने हसली की श्वास घ्यायची नळी तिच्या हातातून पाण्यात पडली. घरी ती असे शेवटचे केव्हा हसली होती, हे चष्मेवाल्याला काही केल्या आठवेना.

तोही पाण्यात उतरला. खाली प्रवाळाची जांभळी झुडपे पसरली होती. पिवळ्या माशांचे थवेच्या थवे त्यांतून वाहत होते. परंतु चष्मेवाल्याने त्यांतले काहीच पाहिले नाही. त्याला फक्त एकमेकांत गुंतलेले दोन हात दिसत होते. इतरांना पाण्यात अंमळ धूसर दिसत असेल. त्याला मात्र नंबरच्या काचांमधून एक एक बोट स्वच्छ दिसत होते, आणि हेच त्याचे दुर्दैव होते.

अखेर त्याने डोके वर काढले आणि तोंडातली नळी फेकली.

"ए, हात सोड तिचा! बायको आहे ती माझी!"

होडीतल्या प्रवाशांनी माना वळविल्या.

"हो साहेब," पाणबुड्या अत्यंत नम्रपणे म्हणाला. "मी कुठं नाही म्हणतोय?"

बायको शरमेने लालबुंद झाली. "अहो, काय हे? मी बुडाले असते, तर तुम्ही येणार होतात का धरायला?"

दुपारी बेटावरच्या झाडांखाली सर्वांनी डबे उघडले. इतक्यात पाणबुड्या ओंजळीत एक पोकळ, नक्षीदार कवच घेऊन आला आणि ते त्याने तिच्या तळहातावर ठेवले.

"घरी न्यायचं नाही हं, वहिनी. नुसतं बघायचं."

ती ते उन्हात धरून कितीतरी वेळ पाहत राहिली. चष्मेवाल्याने डबा बाजूला सारला. माणूस आपल्या डोळ्यांदेखत लुटला जातो आणि त्याने स्वस्थ बसावे काय?

"एवढ्याशा कवचाचं काय कौतुक!" तो मोठ्याने म्हणाला. "कासवं बघायचीत का तुला? ती पलीकडच्या बाजूला असतात, त्या वाकड्या खडकामागे. ओहोटी लागली की गवत खायला येतात. हा गडी तुला नुसता उथळ पाण्यात डुंबवतोय."

पाणबुड्याने मान डोलावली. "साहेबांचं बरोबर आहे."

बायको काही क्षण नवऱ्याकडे पाहत राहिली. मग तिने कवच वाळूत ठेवले. "चला," ती म्हणाली.

चष्मेवाल्याने तिला स्वतः हाताला धरून नेले. वाकड्या खडकामागे खरोखरच एक भले मोठे कासव चरत होते. त्याने पाण्याखालूनच तिला बोटाने दाखविले. आपण बाजी मारली, असे त्याला वाटले. तिचा हात त्याच्या हातात थंडगार पडला होता. परंतु पाणीच गार आहे, अशी त्याने मनाची समजूत घातली.

परतीच्या वाटेवर ती त्याच्याजवळ बसली नाही. ती सरळ मागे, सुकाणू धरलेल्या पाणबुड्यापाशी जाऊन बसली.

इंजिनाच्या आवाजात एक शब्द ऐकू येईना. तिने काहीतरी विचारले. पाणबुड्याने नकारार्थी मान हलविली. तिने पुन्हा विचारले. तेव्हा तो हसला, काही बोलला, आणि मग एकाएकी त्याचे हसू मावळले. त्याने चष्मेवाल्याकडे एक चोरटी नजर टाकली आणि लगेच दूर पाण्याकडे तोंड फिरविले.

चोराच्या मनात चांदणे! चष्मेवाल्याने मनाशी म्हटले. दोघांचे काहीतरी ठरले, यात आता तिळमात्र शंका उरली नव्हती.

ती परत येऊन त्याच्या शेजारी बसली आणि टॉवेलने केस पुसू लागली.

"काय एवढं गुलुगुलू चाललं होतं?"

"काही नाही."

"मला आंधळा समजू नकोस. चष्मे विकतो मी! काय बोलत होतीस त्याच्याशी?"

तिने टॉवेलची नीट घडी घातली.

"मी त्यांना म्हटलं, मी यांची बायको आहे."

"मग?"

"मग ते हसले. म्हणाले, 'हो वहिनी, साहेब दर खेपेला बायकोच आणतात.'"