सूर्यनारायणरावांचा नियम

नियम परीक्षक सूर्यनारायणरावांनी स्वतःच घातला होता. तंजावरातल्या मराठी घरांतल्या मुलांच्या नाट्यस्पर्धेत रंगमंचावर एक जरी तमिळ शब्द आला, तरी गुण शून्य. घरोघरी पोरं तमिळच बोलायची. निदान इथं तरी मराठी जगावी, एवढाच त्यांचा हट्ट.

१९५८ साली सगळ्यांना प्रवेश एकच होता: मेलेल्या मुलाजवळ बसलेली आई. मुलगा म्हणजे धोतरासारख्या वेष्टीत गुंडाळलेली उशी. पाच मुली तमिळ लिपीत लिहून घोकलेलं मराठी बिनचूक बोलून गेल्या. कुणाचेच डोळे ओले झाले नाहीत.

सहावी वसुमती, त्यांच्या शेजारच्याच घरातली. ती दुसऱ्या वाक्याला अडली. दोनदा नुसते ओठ हलले. मग तिनं ती उशी छातीशी ओढली आणि टाहो फोडला, "एन् कण्णे, पोयिट्टियाडा!" 'माझ्या सोन्या, गेलास ना रे!' हे तमिळमध्ये, आणि पुढचंही सगळं तमिळच. सभागृह रडलं. सूर्यनारायणरावांनाही समोरचा कागद दिसेना. न दिसणाऱ्या त्या कागदावर त्यांनी शून्य लिहिलं.

ती खाली उतरताच त्यांनी तिला गाठलं. "पाठ होतं ना सगळं? आपली भाषा तुम्हीच टाकलीत, तर बोलणार कोण गं?"

"विसरलें, मामा. कांहीच आठवेना." वसुमतीनं मान वर केली नाही. "तुमचा मुलगा सेतू गेला, त्या दिवशी भिंतीपलीकडून तुमचं रडणं ऐकलं होतं. तेवढंच आठवलं. तेंच म्हटलं."