पोटातली कॅप

"आपलं जेवण चालू आहे, यदुनाथराव. ते संपलं की मी उघडेन," स्वयंपाकघरातलं कपाट गोड आवाजात म्हणालं. कालपासून त्याचं हेच पालुपद.

काल सकाळी पोहे खाताना यदुनाथरावांच्या दाढेवरची कॅप निसटली आणि घासाबरोबर पोटात गेली. साखर वाढली म्हणून मुलीनं, रेवतीनं, हौसेनं बसवलेली, घासन् घास मोजून कपाटाला आणि तिला कळवणारी कॅप. मेली आता पोटात बसून मोजत होती.

दातांचे डॉक्टर फोनवर हसले होते. "घाबरू नका. भाकरी, केळी, पालेभाजी भरपूर खा. दोन-तीन दिवसांत आपोआप पडेल."

भरपूर खा! खायचं कुठून? कॅपनं होकार दिल्याशिवाय वाणीसुद्धा केळं देत नव्हता.

शेवटी त्यांनी रेवतीला फोन लावला.

"बाबा, चोवीस तास अखंड खाताय तुम्ही! मला इथे सगळं दिसतंय."

"अगं, कॅप गिळलीय मी. कालपासून उपाशी आहे."

"खा हवं तेवढं, बाबा. पण निदान खोटं तरी बोलू नका."

फोन बंद झाला. यदुनाथरावांनी कपाटाच्या दाराला कपाळ टेकलं.

"सावकाश होऊ द्या," कपाट म्हणालं.