बिलिंगच्या खोलीतली व्हिजिट

आमच्या हॉस्पिटलातले डॉक्टर पगारी. त्यांनी पेशंट तपासला की व्हिजिटची चिठ्ठी बिलिंगला, म्हणजे माझ्याकडे येते.

सोमवारच्या एका चिठ्ठीवर खोली नंबर माझ्याच ऑफिसचा होता. खाली लिहिलं होतं, “अंगात ताप आहे.” इथे मी एकटीच बसते. चूक समजून मी ती बाजूला ठेवली.

मंगळवारी पुन्हा तोच नंबर. “श्वास जड झालाय.”

बुधवारी मी मोठ्या डॉक्टरांना गाठलं. चिठ्ठ्या बघून त्यांचा चेहरा उतरला. “सही माझीच आहे हो. पण तुमच्या खोलीत मी कधी पाऊलही टाकलेलं नाही.”

आज गुरुवार. आजच्या चिठ्ठीत एवढंच होतं, “चार वाजता नातेवाईकांना कळवलं.”

चारला फोन वाजला. आईचा होता.

“आई, बोल ना, मीच आहे.”

ती हुंदके देत म्हणाली, “डॉक्टर, शेवटी तिच्याजवळ कुणी होतं का हो?”