भिंतीवरची मंडळी

“या खोलीत एकतर वाद्यं राहतील नाहीतर मी,” नवऱ्याने हसत बजावलं तेव्हा तिने सगळ्यांत महागडं, चिमुकल्या गिटारसारखं युकुलेले विकायला काढलं. ओरखड्याच्या धास्तीने ते नऊ वर्षं कपाटात दुलई पांघरून मुकंच होतं. घ्यायला आला बसचालक. त्याची राकट बोटं बघून ती ते चटकन हातात देईना. “जपून हं, दादा!” “ताई, रोज पन्नास जीव सांभाळतो मी,” म्हणत त्याने तारा जुळवल्या, एकच तार छेडली आणि लगेच तळव्याने दाबली. तरीही सूर घुमतच राहिला. दोघांनी वर पाहिलं. भिंतीवर टांगलेली गिटार, मेंडोलिन, व्हायोलिन कुणी हात न लावता गुणगुणत होती. एका घरात राहूनही यांची नि युकुलेलेची भेट तिनेच होऊ दिली नव्हती! “विकताय ना?” त्याने हळूच विचारलं. “न्या. पण दुलईत गुंडाळू नका. अधूनमधून भिंतीवरच्यांना भेटायला आणत जा.”