घरातलं एक माणूस

"हो," सत्यशीला म्हणाली. "वाटतं. रोजच वाटतं."

एवढं बोलून ती टेबलाच्या कडेकडं बघत राहिली.

समोर यशश्री मॅडम होत्या, समुपदेशक. जालन्यात बसस्टँडच्या मागच्या गल्लीत एक दवाखाना आहे, तिथं त्यांची लहानशी खोली. झोप येत नाही म्हणून सत्यशीला तिथं यायला लागली होती आणि आजवर झोपेबद्दलच बोलत आली होती. आज मॅडमनी सरळ विचारलं, "मरून जावं असं वाटतं का?" घरात, शाळेत, नात्यागोत्यात कुणीच तिला असं विचारलं नव्हतं. मॅडमनी ते ताप येतो का विचारावं तसं विचारलं, आणि तिचं खोटं बोलायचं राहूनच गेलं.

मग सगळंच निघालं. धाकट्या भावानं, सुमितनं, मागच्या उन्हाळ्यात जीव दिला. का दिला, ते कुणालाच कळलं नाही. आई तर दोघं लहान असतानाच गेलेली. वर्गात पोरांकडून पाढे म्हणून घेताना सत्यशीलाला वाटायचं, आपण इथं उगाच उभ्या आहोत. आणि आता नुसतं वाटणं राहिलं नव्हतं. मनाशी ठरत आलं होतं.

मॅडमनी मधे एकदाही तोडलं नाही. तिचं बोलून झाल्यावर खुर्ची जवळ ओढली.

"बोललात, फार बरं केलंत. पण हे आता आपल्या दोघींतच ठेवता येणार नाही. घरातल्या एका माणसाला सांगावं लागेल."

सत्यशीला उठून उभीच राहिली. "तुम्ही तर म्हणल्या होत्या, इथलं इथंच राहील!"

"म्हणाले होते. जिवाला धोका असला तर मात्र नाही, हेही पहिल्याच दिवशी म्हणाले होते."

ते खरं होतं. तेव्हा तिनं ते कानाआड केलं होतं.

"घरात एकच माणूस आहे, मॅडम. बाहेर बाकड्यावर बसलंय. हे ऐकून ते जगायचे नाहीत."

बाहेर तिचे बाबा बसले होते. संपतराव. एमआयडीसीत बियाण्याच्या कारखान्यात कामाला. आज अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून तिला मोटारसायकलवर घेऊन आले होते. पोराला पोचवून आले त्या दिवशीही हा माणूस रडला नव्हता. भेटायला आलेल्यांना उलट तेच धीर देत होते. आठवड्यात कामावर गेले. सकाळी तिच्या आधी उठून चहा ठेवायचे, रविवारी विहारात वंदनेला जायचे. शेजारच्या गिरिजाबाई म्हणायच्या, "संपतभाऊ म्हंजे लोखंडाचा माणूस हाय."

अलीकडं तर ते फारच शांत झाले होते. मागच्या महिन्यात घर लेकीच्या नावावर करून दिलं. ठेवणीतलं घड्याळ पुतण्याला देऊन टाकलं. गॅसची टाकी कशी बदलायची, ते तिला जवळ बसवून शिकवलं. बाप सावरला, असं तिला वाटलं होतं. सावरलेल्या बापाला पुन्हा पाडायचं तिच्या जिवावर आलं होतं.

"तुम्ही सांगता की मी सांगू?" मॅडमनी विचारलं. "मी सांगितलं तर तुमच्यासमोर सांगेन. तुमच्या माघारी एक शब्द नाही."

सत्यशीला हळूच खाली बसली. "मीच सांगते."

बाबा आत आले. चपला दाराबाहेर काढल्या होत्या. बसा म्हटलं तरी उभेच राहिले.

"काय झालं? गोळ्या बदलायच्या का?"

"बाबा, मला जगूच वाटंना."

आता ते ओरडतील, डोकं बडवून घेतील, सुमितचं नाव घेऊन हंबरडा फोडतील, म्हणून तिनं अंग चोरून घेतलं. तसलं काहीच झालं नाही. ते सावकाश खुर्चीवर बसले आणि तिचा हात त्यांनी आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"कवापासून?"

"सुमित गेल्यापासून. तुमच्याकडं बघून दिवस काढून राह्यले. माझ्यामागं तुम्हाला कोण हाय?"

त्यांनी डोळे मिटून घेतले. मिटल्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते पुसायला त्यांनी तिचा हात सोडला नाही. बापाला रडताना ती पहिल्यांदाच बघत होती.

मॅडमनी पाण्याचा पेला त्यांच्यापुढं सरकवला. मग पुढचं समजावून सांगितलं. आत्ताच इथल्या डॉक्टरांना दाखवायचं. परवा पुन्हा यायचं. मधे कधीही जड वाटलं तर फोन करायचा, वेळ बघायची नाही.

"आणि काही दिवस हिला एकटं सोडायचं नाही. कुणीतरी सतत जवळ पाहिजे. तुम्ही राहाल ना?"

संपतरावांनी मान हलवली. ती हो म्हणून होती की नाही म्हणून, कळलं नाही. मग ते मॅडमकडं वळले.

"मॅडम," ते म्हणाले, "जवळ बसणाऱ्याच्याच मनात हे असलं, मंग त्यानं कुणाला सांगावं?"